घागरीची टिचकी, खापरीची कड

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, बाजारात खानदेशातली बाई घागर घेते तेव्हा आधी ती हातावर तोलते, तोंडातून आत डोकावते आणि मग बोटाचं पेर वाकवून एक टिचकी मारते. ‘टण्’ असा आवाज आला तर भावाची बोलणी सुरू होतात, ‘भद्’ असा आला तर घागर जागेवर परत जाते. ही घागर पितरांच्या नावाने भरायची असते. तिच्यावर छोटं मातीचं भांडं, त्यावर खरबूज, आंबा, सांजोरी असं सगळं चढणार असतं, म्हणून ती फुटकी, कच्ची चालत नाही. एका टिचकीत तीन गोष्टी तपासल्या जातात: भांड्याला बारीक तडा आहे का, माती आतून सलग आहे का आणि भाजणी पुरी झाली आहे का. तडा असेल तर कंप मध्येच अडतो. भाजणी कच्ची असेल तर मातीचे कण एकमेकांना नीट चिकटलेले नसतात आणि आवाज त्यांच्यातच जिरतो.

हीच परीक्षा पुरातत्त्ववाले साडेतीन हजार वर्षं जुन्या भांड्यांची घेतात. जोर्वे नावाने ओळखली जाणारी, तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली भांडी वाजवली तर धातूसारखी खणखणतात. संशोधनाच्या अहवालांत त्यांचं हे वैशिष्ट्य आवर्जून नोंदलेलं असतं. जोर्वे हे गाव अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं, संगमनेरजवळचं. ही भांडी मात्र तापी-गिरणेच्या काठावरही निघाली आहेत. आणि त्यांच्याही आधी खानदेशात आणखी एका प्रकारची रंगवलेली भांडी होती. त्यांचं नावच खानदेशचं आहे: सावळदा. या लेखात मला ती भांडी कशी घडत असतील ते पायरीपायरीने सांगायचं आहे, कारण घडणीची प्रत्येक पायरी भांड्यावर आपली खूण ठेवून जाते आणि त्या खुणा कुणालाही वाचता येतात.

आधी ठिकाणं सांगतो. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ आहे. तिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या म. न. देशपांडे यांनी १९५० च्या दशकात उत्खनन केलं. नदीपलीकडच्या टेकवाड्याला त्याच काळातल्या लोकांची दफनं सापडली. तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशाला बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये खोदलं. तेव्हा ते पश्चिम खानदेशात होतं, आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. तापीकाठच्या सावळद्यावरून एका संपूर्ण संस्कृतीला नाव मिळालं. पुढे १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या म. के. ढवळीकर, वसंत शिंदे आणि शुभांगना अत्रे यांनी साक्री तालुक्यातलं कावठे खोदलं. तिथे सावळदा संस्कृतीची एकट्याची वस्ती मिळाली, जमिनीत खड्डे खणून केलेल्या झोपड्यांची. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला एस. ए. साळी यांना थरावर थर असा क्रमच सापडला: तळाशी सावळदा, त्यावर उत्तर हडप्पा, मग दायमाबाद, माळवा आणि सर्वांत वर जोर्वे. सावळद्याचा काळ साधारण इ. स. पू. २२०० ते १८०० धरतात. जोर्वे भांडी इ. स. पू. १४०० च्या आसपास सुरू होतात.

आता माती. खानदेश म्हटलं की काळी कपाशीची जमीन डोळ्यांपुढे येते, आणि मडक्यासाठी सगळ्यांत अडचणीची माती नेमकी तीच. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याचं कारण या मातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना तितकेच आक्रसतात. निव्वळ काळ्या मातीचं मडकं घडवलं तर ते वाळतानाच शेतासारखं भेगाळेल. म्हणून कुंभार नदीकडे वळतो. तापी, पूर्णा, गिरणा, पांझरा यांनी शतकानुशतकं आणून टाकलेला गाळ जाड आहे. त्यात चिकण आणि बारीक वाळू निसर्गानेच मिसळलेली असते. खडक बेसॉल्टचा असल्यामुळे या गाळात लोह भरपूर. ही गोष्ट लक्षात ठेवावी, भट्टीपाशी तिचा उपयोग होईल.

या गाळात एक लबाड वस्तूही असते: चुनखडीचा खडा. खानदेशातल्या जमिनीत या पांढऱ्या गाठी जागोजागी सापडतात. वाटाण्याएवढा एखादा खडा मडक्याच्या भिंतीत राहिला तर भाजताना त्याचा कळीचा चुना होतो. भट्टीतून मडकं धडधाकट निघतं. मग चार दिवसांनी हवेतलं पाणी शोषून तो चुना फुगतो आणि मडक्याच्या अंगावरून टिकलीएवढी कपची उडते. म्हणून माती कुटायची, चाळायची, पाण्यात कालवून जड खडे तळाशी बसू द्यायचे आणि वरची मऊ माती वेगळी काढायची. जोर्वे भांड्यांची माती या बाबतीत अप्रतिम आहे, अगदी वस्त्रगाळ केल्यासारखी. सावळद्याची माती मध्यम ते भरड.

भरड असणं हा दोष नव्हे, हे इथे ठासून सांगायला हवं. फार बारीक माती आक्रसतेही फार. तिला धरून ठेवायला आत काहीतरी न आक्रसणारं लागतं: वाळू, राख, भुस्सा, लीद. वाळू आणि राख सांगाड्यासारखं काम करतात. भुस्सा आणि लीद भट्टीत जळून जातात आणि मागे बारीक पोकळ्या ठेवतात. चुलीवरच्या भांड्याला या पोकळ्या वरदान ठरतात, कारण उष्णतेने सुरू झालेला तडा पोकळीपाशी येऊन थांबतो. जळगावच्या वैशाखात माठातलं पाणी गार राहतं तेही याच सच्छिद्रपणामुळे. पाणी झिरपतं, बाहेर उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं.

अशा मिसळीचं एक उदाहरण दुरून घेतो. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना भागात प्वेब्लो लोकांच्या वस्त्या आहेत. त्यांचे कुंभार, बहुतेक बायका, आजही चाकाशिवाय, मातीच्या वळ्या रचून भांडी करतात आणि त्यावर रंगकाम करतात. अकोमा या त्यांच्या वस्तीत मातीत काय मिसळतात, तर जुन्या फुटक्या मडक्यांची कुटलेली पूड. एकदा भाजलेली माती पुन्हा आक्रसत नाही, म्हणून ती उत्तम सांगाडा होते. आजीच्या भांड्याची खापरी अशी नातीच्या भांड्यात जाते. सावळद्याच्या भांड्यांकडे पाहताना मला या बायकांची मदत होते, कारण खानदेशात जे हात चार हजार वर्षांपूर्वी थांबले तशा हातांच्या हालचाली तिथे डोळ्यांनी पाहता येतात.

भांडं उभं कसं राहतं? प्वेब्लो बाई आधी मातीची पोळी थापते आणि ती एका उथळ परळात बसवते. त्या परळाला ‘पुकी’ म्हणतात. मग मातीचा गोळा दोन तळव्यांत वळून बोटाएवढी जाड वळी करते, आपल्याकडे कडबोळी वळतात तशी. ही वळी पोळीच्या काठावर गोल फिरवून बसवायची, आतल्या बाजूने अंगठ्याने खाली दाबत न्यायची, बाहेरून बोटांनी वर ओढायची. एक वळी, मग दुसरी. तीन-चार वळ्या झाल्या की थांबायचं, कारण खालची माती जरा आवळल्याशिवाय वरचं वजन पेलत नाही. घाई केली तर भांडं बसकण मारतं. आणि फार थांबलं तरी पंचाईत: खालचा काठ वाळला तर नवी वळी त्याच्याशी एकजीव होत नाही. ओल आणि घट्टपणा यांच्यातली ही वेळ फक्त बोटाला कळते. शेवटी भोपळ्याच्या कवटीच्या तुकड्याने आतबाहेर खरवडून भिंत एकसारखी करतात.

सावळदा संस्कृतीत भांड्यांचे दोन वर्ग दिसतात. धान्य-पाण्याची जाड, भरड, मोठी भांडी हाताने घडवलेली आहेत. रंगवलेली भांडी संथ चाकावरची आहेत. संथ चाक म्हणजे एका हाताने फिरवायचा पाट समजा. आजच्या कुंभाराचं जड चाक काठीने एकदा गरगरवलं की बराच वेळ फिरत राहतं आणि त्या वेगानेच माती वर उचलली जाते. संथ चाकात तो जोर नसतो. तिथे भांडं हातानेच चढवायचं. चाकाचं काम फक्त ते आपल्यासमोर फिरतं ठेवण्याचं, म्हणजे काठ गोल येतो, मान सरळ येते. उंच मानेचे रांजण, बैठकीवरच्या थाळ्या, वाडगे हे सावळद्याचे ठरलेले आकार.

फरक खापरीवर दिसतो. वेगवान चाकाचं भांडं असेल तर आतल्या बाजूला बोटांच्या समांतर, एकसारख्या रेघा उमटतात, जणू काही कोणी कंगवा फिरवला. हाताच्या भांड्याची भिंत कुठे जाड कुठे पातळ असते, रेघा तुटक असतात. वळ्यांचं भांडं असेल तर ते बऱ्याचदा वळीच्या सांध्यावरच आडवं फुटतं, आणि तुटलेली कड एका बाजूला गोलसर, दुसऱ्या बाजूला खोलगट दिसते. घडवणारीचा अंगठा जिथे कमी पडला होता तिथेच भांडं हजारो वर्षांनी सुटलेलं असतं.

मोठं मडकं याने पुरं होत नाही. आपल्याकडचा कुंभार चाकावरून जाड बुडाचं कच्चं मडकं उतरवतो, ते थोडं आवळलं की आत एका हाताने गोल गोटा धरतो आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकतो. गोटा आणि थापटणं यांच्यामध्ये सापडून माती पातळ होत जाते, पोट फुगत जातं, बूड गोल होतं. ठोकल्याने मातीतली हवा निघते, वळ्यांचे सांधे मिटतात. कुंभारवाड्यावरून जाताना ऐकू येणारी ती ठपठप म्हणजे भांड्याच्या आयुष्याची बेगमी आहे.

पुढचं काम सावलीतलं. भांडं वाळताना आणि भाजताना मिळून इतकं आक्रसतं की दहा बोटं उंच घडवलेलं नऊ-साडेनऊ बोटं उरतं. उन्हात ठेवलं तर काठ आधी आवळतो, पोट मागे राहतं आणि काठाला तडा जातो. चामड्यासारखं आवळलं की त्यावर लेप चढवायचा. लेप म्हणजे अतिशय बारीक, गाळलेल्या, लोहयुक्त मातीचा ताकाएवढा पातळ घोळ. त्याने छिद्रं भरतात, रंग येतो आणि चित्रासाठी गुळगुळीत जमीन मिळते. लेप अर्धवट सुकल्यावर गुळगुळीत गोट्याने घोटलं तर चकाकी येते; हजारो सूक्ष्म पापुद्रे आडवे झोपून प्रकाश परतवू लागतात. प्वेब्लो घरांत असे घोटायचे गोटे आई लेकीला देते.

सावळद्याच्या भांड्यांचा लेप जाड असतो. त्याचे रंग चॉकलेटी, तांबडे, नारिंगी, गुलाबीसर. आणि त्या लेपावर बारीक भेगांचं जाळं पसरलेलं दिसतं. आता त्याचं कारण वाचकाला सांगायला नको, तरी सांगतो: लेपाची माती भांड्याच्या मातीपेक्षा बारीक आणि जाड थराने चढलेली, म्हणून ती अधिक आक्रसली. खालचं अंग आधीच आवळून बसलेलं होतं, ते तेवढं आत आलं नाही, आणि लेप ताणला जाऊन फाटला. पुरातत्त्ववाल्यांना ही जाळी म्हणजे सावळद्याचं ओळखपत्र वाटतं. मला तीत एका विशिष्ट दिवसाची घाई किंवा उदारपणा दिसतो: लेपात फडकं जरा जास्तच भरून बुडालं.

चित्रं काळ्या रंगात, कधी जोडीला तांबडी काव आणि पांढरा. सावळद्याची चित्रं जोर्वेपेक्षा मला जास्त आवडतात. जोर्वेची नक्षी देखणी आहे, पण ती बहुतेक रेघा, चौकटी, तिरप्या जाळ्या अशी भूमितीची आहे. सावळदावाले आपल्या आजूबाजूचं काढतात. पिसं लावलेला बाण, काटेरी दात असलेला मासे मारायचा भाला, गळ, पक्षी, जनावरं, झाडंझुडपं. तापीकाठच्या माणसाच्या कमरेला आणि हातात जे होतं ते त्याच्या मडक्यावर आलं. शस्त्रास्त्रांची इतकी चित्रं काढणारे कुंभार त्या काळच्या भारतात क्वचितच आढळतात.

रेघ ओढायला काय वापरत असतील? प्वेब्लो बाया युका नावाच्या झुडपाचं पातं टोकाशी चावतात, गर निघून जातो, तंतू उरतात, आणि मग त्यातले हवे तेवढेच ठेवून बाकी काढून टाकतात. चावलेली काडी म्हणजे कुंचला हे दातवण करणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सावळद्याच्या कुंचल्याचा मागमूस उरणं शक्य नाही, पण रेघेच्या सुरुवातीचा जाड ठिपका आणि शेवटाकडे विरत गेलेली शेपटी पाहून हात कोणत्या दिशेने गेला ते कळतं.

काळा रंग काळाच राहिला ही गोष्ट साधी नाही. लोहाची पूड लावली तर मोकळ्या आगीत ती लाल होते, आणि तांबड्या भांड्यावर लाल रेघ दिसेनाशी होते. भांडं तांबडं आणि रेघ काळी हवी असेल तर मँगनीज असलेला दगड वाटून लावावा लागतो. हवा कितीही मिळाली तरी मँगनीजचा काळेपणा जात नाही. कुठला दगड भट्टीतून काळा निघतो आणि कुठला दगा देतो, हे ज्ञान चुका करूनच मिळालेलं असणार.

आणि आता आग. वांग्याचं भरीत पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजणाऱ्या खानदेशी माणसाला भट्टीचं अर्धं शास्त्र आधीच येतं. पऱ्हाटी भडकन पेटते, ज्वाळा मोठी, हवा खेळती. तिच्यावर शेण-गोवऱ्या टाकल्या तर आग दबते, धुमसते, धूर कोंडतो. भांड्याचा रंग या दोन आगींच्या मध्ये ठरतो.

पहिला टप्पा सावकाशीचा. मडकं कोरडं दिसलं तरी त्यात पाणी असतं. शंभर अंशांवर त्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सतराशेपट जागा मागते. आग एकदम वाढवली तर वाफेला वाट मिळत नाही आणि आव्यातून फुटण्याचा आवाज येतो. म्हणून आधी नुसती धग. साडेचारशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेलं पाणीही निघून जातं. इथे माती कायमची बदलते. याआधी मडकं पाण्यात टाकलं तर पुन्हा चिखल झाला असता, यानंतर कधीच होणार नाही. पुढे सातशे, आठशे, नऊशे अंशांकडे कणांच्या कडा एकमेकांत वितळू लागतात आणि आखाजीच्या बाजारातला तो ‘टण्’ तिथे जन्माला येतो. जोर्वेवाल्यांना ही चढती आग आणि खेळती हवा दोन्ही साधली होती.

हवा खेळती असेल तर मातीतलं लोह ऑक्सिजन घेऊन तांबडं होतं. हवा कोंडली तर तेच लोह ऑक्सिजन गमावतं, धुराचा कोळसा छिद्रांत बसतो आणि भांडं राखाडी, काळं होतं. माती तीच, नदी तीच. न्यू मेक्सिकोतल्या सॅन इल्देफोन्सो वस्तीतल्या मारिया मार्टिनेझ (१८८७-१९८०) आणि त्यांचे पती हुलियान यांनी याच नियमावर जगप्रसिद्ध काळी भांडी केली: भाजणीच्या ऐन वेळी घोड्याच्या लिदीची पूड ओतून आग गुदमरवायची. बहाळ आणि प्रकाशाला वरच्या थरांत, लोखंडाच्या काळात, आतून काळी आणि बाहेरून तांबडी भांडी मिळतात. त्यांचा सर्वसाधारण उलगडा असा की ती उपडी ठेवून भाजली. तोंड राखेत रुतलेलं, आत हवा नाही, बाहेर ज्वाळा.

हाताने घडवलेली जाड राखाडी भांडी याच कोंडलेल्या आगीतली. त्यांच्यावर मातीच्या पट्ट्या चिकटवून बोटांनी दाबल्याच्या खुणा असतात. दायमाबाद, नेवासे, इनामगाव इथे जोर्वे काळातली लहान मुलं अशा दोन राखाडी रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरलेली सापडली. धान्य ठेवायचं भांडं आणि लेकराला ठेवायचं भांडं एकाच हाताने, एकाच मातीतून, त्याच वळ्यांनी घडवलेलं होतं. त्या आयांनी मुलं गावाबाहेर नेली नाहीत.

ॲरिझोनातल्या हॉपी प्रदेशात नाम्पेयो नावाची कुंभारीण होती. सिक्यात्की या उजाड गावाच्या ढिगाऱ्यात मिळणाऱ्या, कित्येक पिढ्यांपूर्वीच्या खापऱ्यांवरची चित्रं तिने अभ्यासली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या भांड्यांवर पुन्हा आणली. आज त्यांच्याकडे ती चालती परंपरा आहे. सावळद्याचा बाण आणि गळ मात्र उत्खननाच्या अहवालांतल्या रेखाटनांत पडून आहेत. जळगाव-धुळ्याच्या कुंभारवाड्यात ती रेखाटनं कुणी नेऊन दाखवावीत असं मला मनापासून वाटतं. त्या चित्रांचं पुढे काय करायचं ते कुंभारच ठरवतील; पण खापरीवरची प्रत्येक खूण आपल्या आधी त्यांना वाचता येईल.

गिरणा-तापीच्या काठी पांढरीच्या ढिगाऱ्यावर पावसानंतर खापऱ्या उघड्या पडतात. एखादी दिसली तर ती उचलून घरी नेऊ नये, ती कुठे पडली होती यातच तिची निम्मी माहिती असते. बसून बघावी. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात आतली बाजू बघितली तर बोटांच्या रेघा दिसतात. लेपाची जाळी दिसते. मग तुटलेली कड बघावी. बऱ्याचदा तिच्यात तीन थर असतात, बाहेर तांबडा, मध्ये काळा, आत पुन्हा तांबडा. मधला काळा थर म्हणजे मातीत कालवलेल्या भुशा-लिदीचा कोळसा. आग विझायच्या आत हवा तिथपर्यंत पोचली नाही, म्हणून तो जळून गेला नाही आणि अजून तिथेच आहे.